पाऊस की वारा: मुंबईची हवा नक्की कोण साफ करतं?

दिवाळीनंतर धुरकं दाटलं की मुंबईकर दोन गोष्टींची वाट बघतात: अवकाळी सर किंवा समुद्राकडचा खारा वारा. दोन्हींनी हवा सुधारते, पण रीत अगदी वेगळी.

वारा धूळ नाहीशी करत नाही, पातळ करून पुढे ढकलतो. दुपारी समुद्रावरून वारे सुटले की कुलाब्याला बरं वाटतं. तीच धूळ पुढे ठाणे-नवी मुंबईच्या वाट्याला येते, हे कुणी फारसं बोलत नाही. हिवाळ्यात रात्री जमिनीकडून मंद वारे येतात, वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि धूर खालीच कोंडतो. शिवाय बांधकामांच्या शहरात जोराचा कोरडा वारा खाली बसलेली धूळ पुन्हा उडवतो.

पाऊस मात्र कण खरोखर खाली आणतो. थेंब पडताना मोठे कण सहज गाठतो. सिमेंटची, रस्त्याची धूळ, म्हणजे पीएम १०मधला (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांमधला; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडा भाग, चांगल्या सरीत झटकन उतरतो. अडचण बारीक कणांची. साधारण ०.१ ते १ मायक्रॉनचे कण थेंबाभोवतीच्या हवेबरोबर बाजूला सरकतात आणि निसटतात. गाड्यांचा, कचरा जाळल्याचा धूर बहुतेक याच मापाचा. त्यातले बरेच कण ढगात, थेंब तयार होतानाच पकडले जातात. भुरभुर पावसाचं तर विचारूच नका: दमटपणाने कण फुगतात, धुरकं उलट गडद दिसतं.

माझं मत पावसाला, तेही जून ते सप्टेंबरच्या लांबलेल्या पावसाला. नोव्हेंबरातल्या एखाद्या सरीनंतर वारा पडलेलाच असेल, तर एक-दोन दिवसांत धूर पुन्हा साचतो.