एंगेज नंबर पुन्हा पुन्हा कोण लावणार: फोन, ॲप, नेटवर्क की तुमचा अंगठा?

जुन्या नोकिया फोनच्या सेटिंगमध्ये एक साधी ओळ असायची: ऑटोमॅटिक रीडायल. ती चालू ठेवली आणि नंबर एंगेज लागला, की फोन स्वतःहून जास्तीत जास्त १० वेळा प्रयत्न करायचा. लागला की थांबायचा. स्मार्टफोन आले, स्क्रीन मोठी झाली आणि ही ओळ बहुतेक फोनमधून गायब झाली. आता तेच काम करून घ्यायचं तर चार-पाच वेगवेगळे मार्ग आहेत आणि प्रत्येकाची खोड निराळी आहे.

हे सगळे मार्ग मी वापरून पाहिलेत. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. रीडायलची सोय निवडताना ती किती वेगानं नंबर लावते हे नंतर बघा. आधी बघा, कुठे थांबायचं हे तिला कसं कळतं. एका दवाखान्याचा नंबर मी असाच एका ॲपवर लावून ठेवला होता. बऱ्याच प्रयत्नांनी लागला, 'तुम्ही रांगेत दुसरे आहात' असा आवाज आला आणि त्याच क्षणी ॲपनं फोन कापून पुन्हा नंबर फिरवायला घेतला. ३० सेकंद झाले की कॉल तोडायचा एवढंच त्याला माहीत होतं. त्या दिवशी परत लाइन मिळाली नाही.

आधी कान द्या: नक्की काय ऐकू येतंय?

'फोन लागत नाही' हे आपण एका दमात म्हणतो, पण नेटवर्कच्या लेखी ते निरनिराळे प्रकार आहेत. समोरचा खरंच दुसऱ्या कॉलवर असेल तर एक्स्चेंजकडून १७ क्रमांकाचं कारण येतं: युजर बिझी. व्हीओएलटीईवर, म्हणजे ४जी नेटवर्कवरून जाणाऱ्या कॉलमध्ये, त्याचा क्रमांक ४८६. मधल्या वाटेवर जागाच नसेल तर ३४ क्रमांक येतो, म्हणजे मोकळी वाहिनी नाही. अशा गर्दीच्या वेळी बऱ्याच ठिकाणी नेहमीच्या एंगेज टोनपेक्षा भरभर वाजणारा टोन ऐकू येतो. पहिल्या प्रकारात समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबावं लागतं. दुसऱ्यात काही सेकंदांनीही लागू शकतो.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. समोरच्याकडे कॉल वेटिंग चालू असेल तर तुम्हाला रिंगच ऐकू येते, फार तर 'ते दुसऱ्या कॉलवर आहेत' अशी सूचना. फोनच्या दृष्टीनं हा नंबर बिझी नाहीच, म्हणून बिझीवर चालणारं कुठलंही रीडायल इथे सुरू होणार नाही. जबरदस्तीनं सुरू केलंत तर दर वेळी त्या माणसाच्या कानात बीप वाजेल. इथे एक मेसेज पाठवा आणि थांबा.

चौथा प्रकार, 'आमच्या सर्व लाइन व्यस्त आहेत' असं यंत्र बोलतं तो. ते यंत्र कॉल उचलून बोलत असेल तर कॉल लागला असं धरलं जातं. तुमच्या प्लॅनमध्ये मिनिटं मोजली जात असतील तर तीही खर्ची पडतात आणि रीडायल समाधानानं थांबतं. या प्रकाराला पूर्ण स्वयंचलित इलाज नाही. कान देणारा माणूसच लागतो.

फोनमध्येच सोय असेल तर

काही अँड्रॉइड कंपन्या स्वतःच्या डायलरमध्ये, म्हणजे फोन लावायच्या ॲपमध्ये, ऑटो रीडायल देतात किंवा पूर्वी देत असत. फोन ॲप उघडा, सेटिंगमध्ये जा, कॉलसंबंधी सगळी पानं चाळा. सेटिंगच्या शोधपट्टीत 'रीडायल' टाकून पाहणं त्याहून सोपं. सापडली तर आणखी शोधाशोध करू नका, हीच वापरा. फोनच्या स्वतःच्या डायलरला कॉल का तुटला ते थेट कळतं: बिझी होता, नाकारला की उचलून झाला. बाहेरच्या ॲपला ज्यासाठी अंदाज बांधावा लागतो ते याला आयतं मिळतं.

मर्यादा वेगाची आहे. मोबाइलच्या मानकांतच स्वयंचलित प्रयत्नांना लगाम घातलेला आहे: बिझीनंतर पहिला प्रयत्न किमान ५ सेकंदांनी, पुढचे तीन प्रत्येकी किमान एक मिनिटानं, त्यानंतरचे किमान तीन मिनिटांनी आणि एकूण जास्तीत जास्त १०. नोकियाचे ते १० याच आकड्याशी जुळतात. हजारो फोन एकाच नंबरवर सेकंदासेकंदाला आदळू लागले तर एक्स्चेंजचा जीव जाईल, म्हणून हा लगाम. मला तो योग्य वाटतो. एका माणसाचं बोलणं संपायची वाट बघायची असेल तर मिनिटाचं अंतर पुरेसं असतं.

रीडायल ॲप: सगळ्यात सोपं, सगळ्यात जपून वापरायचं

प्ले स्टोअरवर या नावाची ॲप भरपूर आहेत. नंबर टाका, किती वेळा ते सांगा, मधलं अंतर सांगा, बटण दाबा. इतकं सोपं दुसरं काही नाही आणि म्हणूनच बहुतेकजण इथेच थांबतात. पण आतून काय चालतं ते माहीत हवं.

अँड्रॉइडमध्ये साध्या ॲपला कॉलच्या तीनच अवस्था दिसतात: फोन रिकामा आहे, फोन वाजतोय, लाइन वापरात आहे. तुम्ही नंबर लावलात त्या क्षणापासून 'लाइन वापरात' सुरू होतं. पलीकडे रिंग जातेय, एंगेज टोन वाजतोय की कुणी 'हॅलो' म्हणालंय, हे तिन्ही ॲपला सारखेच. म्हणून अशी ॲप घड्याळ लावतात: इतक्या सेकंदांनी कॉल तोड, परत लाव. माझा फोन कापला गेला तो यामुळेच.

उपाय आहे आणि तो साधा आहे. नंबर खरोखर बिझी असेल तर नेटवर्क टोन वाजवून बहुतेक वेळा कॉल स्वतःच संपवतं. ॲपनं तोडायची गरजच नसते. तेव्हा 'अमुक सेकंदांनी कॉल तोडा' ही सोय ज्या ॲपमध्ये बंद करता येते तेच घ्या आणि ती बंदच ठेवा. कॉल आपोआप संपला तरच पुढचा प्रयत्न. बंद करता येत नसेल तर ते ॲप काढून टाका, त्याला कितीही तारे मिळालेले असोत.

काही ॲप म्हणतात, आम्हाला तुमचं मुख्य फोन ॲप करा. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, हे शक्य आहे आणि त्याचा फायदाही खरा आहे: मुख्य ॲपला कॉल तुटण्याचं कारण कळतं, त्यात 'बिझी'ही आलं. पण त्या बदल्यात तुमचा येणारा-जाणारा प्रत्येक कॉल त्याच्या हातात जातो. एका एंगेज नंबरसाठी अनोळखी ॲपच्या हाती एवढं देऊ नये असं मी म्हणेन. गरज पडलीच तर काम झाल्यावर मूळ फोन ॲप परत मुख्य करा.

दोन व्यावहारिक अडचणी जवळजवळ सगळ्यांना येतात. दोन सिमच्या फोनमध्ये 'दर वेळी विचारा' असं ठेवलेलं असेल तर प्रत्येक प्रयत्नाला सिम निवडायची खिडकी उघडते आणि रीडायल तिथेच अडतं. कॉलसाठी एक सिम कायमचं ठरवून द्या. दुसरं, बॅटरी वाचवण्यासाठी फोन अशा ॲपला मध्येच झोपवतो. जितका वेळ वापरायचं तितका वेळ त्याला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करा. परवानग्यांपैकी फोन लावण्याची लागणारच. संपर्कयादी, लोकेशन आणि मेसेज मागणारं ॲप मात्र दारातूनच परत पाठवा.

मॅक्रोड्रॉइड किंवा टास्कर: एकदा मेहनत, मग निवांत

ही दोन अँड्रॉइड ॲप तुम्ही ठरवलेल्या नियमांप्रमाणे फोनची कामं आपोआप करतात. वरच्या ॲपपेक्षा मला हा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, कारण थांबायचा नियम तुम्ही स्वतः लिहिता. माझा नियम असा. कॉल संपला की बघायचं, लाइन किती सेकंद वापरात होती. २० सेकंदांपेक्षा कमी असेल तर ४० सेकंद थांबून तोच नंबर परत लावायचा. जास्त असेल तर सगळं बंद. मोजणी १० वर गेली तरी बंद. कॉल तोडण्याची आज्ञा कुठेच नाही.

या नियमाचीही चूक होते. नुसती रिंग जात राहिली, कुणी उचललंच नाही, तरी तो थांबतो. पण ती चूक परवडते, फार तर मी परत सुरू करीन. लागलेला कॉल तुटणं परवडत नाही. एक पथ्य मात्र पाळा: कुणी उचलून लगेच 'नंतर करा' म्हणालं, तर तोही छोटाच कॉल ठरतो आणि फोन परत लागतो. म्हणून नोटिफिकेशनमध्ये 'थांब' असं एक बटण ठेवलंच पाहिजे.

कॉल लॉग वाचून याहून अचूक नियम करता येतो, कारण न उचललेल्या कॉलचा कालावधी तिथे शून्य दिसतो. पण गूगलनं २०१८ मध्ये कॉल लॉगच्या परवानगीवर कडक बंधनं जाहीर केली, त्यामुळे ही सोय प्रत्येक ॲपमध्ये मिळेलच असं नाही. हे सगळं मांडायला पहिल्यांदा निवांत अर्धा तास लागतो. ज्याला महिन्यातून एकदाच एंगेज नंबर लागतो त्यानं या वाटेला जाऊ नये.

आयफोन असेल तर

आयफोनमध्ये ऑटो रीडायल नाही आणि बाहेरचं ॲप ते आणूही शकत नाही. ॲपनं नंबर लावायला घेतला की 'कॉल करायचा का' असं फोन तुम्हाला विचारतो. शॉर्टकट्स या आयफोनमधल्याच ॲपमध्ये कॉल, थांबा, पुन्हा करा अशी साखळी रचता येते, पण पलीकडे कुणी उचललं का हे तिला कळत नाही. म्हणजे पुन्हा तेच घड्याळ. मी ती साखळी रचून पाहिली आणि पुसून टाकली.

त्याऐवजी हातानंच, पण कमीत कमी कष्टात लावा. कीपॅड रिकामा असताना हिरवं बटण दाबलं की शेवटचा नंबर येतो, परत दाबलं की लागतो. अँड्रॉइडवरही हेच चालतं. आयओएस १४ पासून, आयफोन ८ आणि पुढच्या मॉडेलवर, बॅक टॅप आहे: तो नंबर लावणारा छोटा शॉर्टकट बनवा, ॲक्सेसिबिलिटीत जाऊन दोन टकट्यांना जोडा, मग फोनच्या पाठीवर टकटक केली की कॉल जातो. सिरीला 'रीडायल दॅट लास्ट नंबर' म्हटलं तरी काम होतं. पूर्ण स्वयंचलित नाही हे मान्य, पण थांबायचा निर्णय तुमच्या कानाकडे राहतो.

नेटवर्कनंच परत बोलावलं तर?

या सोयीचं नाव सीसीबीएस. नंबर एंगेज असताना तुम्ही विनंती नोंदवता आणि फोन खाली ठेवता. समोरची लाइन मोकळी झाली की नेटवर्क आधी तुम्हाला रिंग देतं, तुम्ही उचललंत की पलीकडे कॉल लावतं. एकही फुकट प्रयत्न नाही, बॅटरीचा प्रश्न नाही, ॲप नाही. जीएसएमच्या मानकात एका वेळी ५ विनंत्यांपर्यंत मुभा आहे. नोंदवलेल्या विनंत्या तपासायला *#३७# आणि रद्द करायला #३७# असे कोड ठरलेले आहेत.

कल्पना म्हणून सगळ्या मार्गांत हीच मला सर्वात आवडते. अडचण एवढीच, की ती तुमच्या ऑपरेटरनं चालू ठेवलेली असावी लागते आणि अनेकांनी ठेवलेली नाही. वरचा तपासायचा कोड लावून बघा, अर्ध्या मिनिटात उत्तर मिळेल.

मग तुम्ही कोणता घ्यायचा?

एका व्यक्तीच्या फोनसाठी क्रम सरळ आहे: सीसीबीएस मिळत असेल तर ती, नाहीतर डायलरमधली सोय, नाहीतर मॅक्रोड्रॉइडचा नियम. घाई करून काही साधत नाही. त्यांचं बोलणं संपेल तेव्हाच लागणार.

ठरावीक वेळेला नोंदणी उघडणाऱ्या नंबरचं गणित वेगळं. अशा ठिकाणी अनेक वाहिन्या असतात, ई-१ नावाच्या एका डिजिटल टेलिफोन जोडणीत ३०, आणि सुटलेली वाहिनी त्या क्षणी जो नंबर लावेल त्याला मिळते. इथे मिनिटभर थांबणारं रीडायल हरतं. हातात फोन घेऊन हिरवं बटण किंवा बॅक टॅप, हेच इथे सर्वात चांगलं. शिवाय अशा ठिकाणी यंत्र उचलण्याची शक्यता मोठी, तेव्हा ऐकायला माणूस हवाच.

आपत्कालीन नंबर कुठल्याही रीडायलमध्ये घालू नका. आणि ज्याचा फोन दर वेळी पहिल्याच सेकंदाला बिझी होतो, त्यानं कदाचित तुम्हाला ब्लॉक केलं असेल. तिथे रीडायल लावणं म्हणजे त्रास देणं झालं.

कुठलाही मार्ग घ्या, पलीकडे यंत्र उचलून आकडे दाबायला सांगत असेल तर नंबर साठवताना त्यापुढे स्वल्पविराम टाकायला विसरू नका. एक स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंदांची विश्रांती, त्यानंतर लिहिलेले आकडे फोन आपोआप दाबतो. भाषेसाठी १, मग विभागासाठी ३ दाबावं लागत असेल तर नंबरपुढे दोन-तीन स्वल्पविराम, १, परत दोन, मग ३. स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम दिलात तर पुढचे आकडे पाठवायच्या आधी फोन तुम्हाला विचारतो. यंत्राचं बोलणं लांबत असेल तिथे अर्धविरामच बरा, कारण आकडे लवकर गेले तर यंत्र सगळं पहिल्यापासून ऐकवतं.