भिशीच्या आठ हजारांतला अँप्लिफायर

मार्चमध्ये भिशी लागली, आठ हजारांची. घरात मिक्सर बदलायचं ठरलं होतं, मी अँप्लिफायर बदलला. मिक्सरचं भांडं हाताने दाबून धरलं की तो अजून फिरतो, त्यामुळे मनाला फारशी टोचणी नाही.

जुना अँप बाबांचा, १९८७ सालचा. खालची धूळ पुसायची तर उचलायला दोघं लागायची. आवाज अजून गोड होता, पण त्याच्या खाली सतत घुंऽऽ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अँपच्या पोटात रेक्टिफायरमधून (एसीची डीसी करणारा भाग) गेली की तिची लहर १०० हर्ट्झची होते, आणि ती लहर सपाट करणारे फिल्टरचे कंडेन्सर सुकले की तीच स्पीकरमधून बाहेर पडते. सिनेमाच्या गाण्यात ती दबून जाते. आमच्याकडे मात्र रात्री जेवणं उरकली की ख्याल लागतो. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सा धरून, गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची (खालच्या सप्तकातल्या प ची) असेल तर ती साधारण १०४ हर्ट्झवर बोलते. तिच्या जेमतेम खाली हा १०० चा घुंकार! भल्याभल्यांचे तानपुरे आमच्या हॉलमध्ये येऊन बेसूर व्हायचे. आई काही गाणं शिकलेली नाही, पण तीही विचारायची, "ह्यांचा पंचम उतरलाय का गं?"

आधी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे अँप नेला, रिक्षाने, मांडीवर. त्यांनी झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाले, "कंडेन्सर बदलून देतो ताई, पण एका बाजूचे ट्रान्झिस्टरपण थकलेत. ह्या नंबरचे ओरिजनल आता मिळत नाहीत. डुप्लिकेट टाकतो, पण किती चालतील ते मला विचारू नका." साडेतीन हजार सांगितले. असं तोंडावर सांगणारा माणूस मला आवडतो, पण डुप्लिकेटवर साडेतीन हजार घालायचा धीर झाला नाही. मग रविवारी जुन्या बाजारात एक चकचकीत जपानी रिसीव्हर दिसला. सहा हजार म्हणाला, पाचात सुटला असता. मागे वाकून पाहिलं तर वायरीपाशी १०० व्होल्ट लिहिलेलं. म्हणजे वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, तो ठेवायला जागा शोधा, आणि कुणी चुकून सरळ भिंतीत पिन घातली की संपलं. आमच्या घरात ते 'कुणी' नक्की आहे.

शेवटी घेतला तो छोटा चिनी डबा, ५,२०० ला. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, एकाच आयसीवर (आतल्या मुख्य चिपवर) दहा नावांचे डबे विकले जातात. आतला आयसी पाहा. माझ्यातला टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा टीपीए ३११६डी२, क्लास डी जातीचा, म्हणजे भराभर चालू-बंद होऊन आवाज वाढवणारा. आकार कंपासपेटीएवढा, उंची थोडी जास्त. तीन तास वाजवला तरी कोमटच. जुन्यावर हिवाळ्यात मांजर झोपायचं.

खोक्यावर ठसठशीत '१०० + १०० वॅट' छापलंय. सोबतचा अडॅप्टर २४ व्होल्ट, साडेचार अँपिअरचा. गुणाकार करा: १०८ वॅट. येतात १०८ आणि बाहेर जाणार २०० कुठून? आयसी बनवणाऱ्या कंपनीचाच आकडा ४ ओहमच्या स्पीकरला २१ व्होल्टवर ५० वॅट असा आहे, तोही आवाज १० टक्के बिघडेपर्यंत ताणून. म्हणजे स्वच्छ ऐकायला त्याहून कमीच धरा. पण हे ऐकून नाक मुरडू नका. माझे स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतात आणि हॉल दहा बाय बाराचा. रात्री मी एक वॅटसुद्धा वापरत नसेन. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो, जेमतेम कळेल इतका. कमी पैशात वॅटच्या मागे लागायचंच नाही. मला शांतता विकत घ्यायची होती.

जोडला, चालू केला, 'टक' झालं आणि डबा गप्प. पुन्हा केला, पुन्हा टक. पाच हजार गेले म्हणून खालीच बसले. काकांना फोन लावला तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "ताई, दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी कुठे एकत्र केल्यात का?" केल्या होत्या, बाबांनी! वायर वाचवायला त्यांनी भिंतीतून तीन तारांची एकच केबल नेली होती: डावा, उजवा आणि दोघांत मिळून एक काळी. जुन्या अँपला ते चालायचं, कारण त्याचं काळं टोक म्हणजे नुसती जमीन, ग्राउंड. ह्या नव्यांत काळ्या टोकावरही सिग्नल असतो, लाल उलट हलतो तेव्हा काळा सुलट. दोन काळी टोकं जोडली की शॉर्ट. आतल्या संरक्षणाने वेळीच दार लावलं म्हणून वाचला. जुनं वायरिंग असेल त्यांनी हे आधी तपासा. बारा मीटर नवी जोडवायर आणली, ५४० रुपये.

मग रात्री दरबारी लावला. तानपुरा सुरू व्हायच्या आधी रेकॉर्डिंगमधल्या खोलीची हवा ऐकू आली, कुणीतरी बैठक सावरल्याची सळसळ, आणि मग थेट पंचम. आई काहीच बोलली नाही, हीच पावती. डग्गा आता नेमका थांबतो, पूर्वी त्याचं शेपूट लांबायचं. गळा मात्र होता तसाच आहे. 'पडदा दूर झाला', 'नवीच बंदिश ऐकतोय असं वाटलं' असलं मी काही लिहिणार नाही. घुंकार गेला, हाच मोठा फरक आहे.

ह्या डब्यामागून उपखर्च येतात. रेकॉर्ड प्लेअरसाठी इनपुट नाही. साध्या पिनांत लावलात तर तबकडी डास गुणगुणल्यासारखी वाजते आणि खर्ज गायब. रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण सिग्नल वाढवून सावरणारा वेगळा फोनो प्रीअँप घ्यावा लागला, १,६५०. सगळे मिळून ७,३९० झाले. डब्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या, तो दोष माझ्या अर्थिंग नसलेल्या एक्स्टेंशन बोर्डाचा निघाला. तीन पिनांच्या सॉकेटला लावल्यावर थांबलं. समोरचा निळा दिवा इतका भगभगीत की अंधारात डोळे दिपतात. त्यावर आईची काळी टिकली चिकटवली आहे, मोठ्या आकाराची.

एक तक्रार उरली. हा आयसी सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो आणि त्याचा कचरा मिडियम वेव्हवर सांडतो. शेजारीच आईचा ट्रान्झिस्टर रेडिओ असायचा, पुणे केंद्रावर, ७९२ किलोहर्ट्झवर. डबा चालू केला की तिथे नुसती चरचर. म्हणून ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरात गेला, मिक्सरच्या शेजारी. आता मिक्सर लावला की बातम्या ऐकू येत नाहीत, आणि मग रोज भिशीचा विषय निघतो.