रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळचं बोटींच्या वायरिंगचं दुकान: जुन्या गाडीची बॅटरी केबल इथेच करून घ्या

पाचपैकी चार तारे. एक कापलाय, पण कामासाठी नाही.

माझी गाडी सॅन स्टॉर्म. आताच्या पोरांना नावही माहीत नसतं, म्हणून सांगतो: गोव्यात बनायची, दोन सीटची, आत रेनॉचं 1149 सीसी इंजिन. बॉडी फायबरची, त्यामुळे रत्नागिरीच्या हवेत पत्रा सडायची भानगड नाही. पण पत्रा नाही म्हणजे बॉडीतून अर्थही (earth, करंटची बॅटरीकडे परतायची वाट) मिळत नाही. बाकीच्या गाड्यांत दिव्याची निगेटिव्ह वायर जवळच्या पत्र्याला कसली की भागतं. हिच्यात परतीच्या वायरी वेगळ्या ओढाव्या लागतात आणि सगळा भार बॅटरीपासून इंजिनाकडे आणि खालच्या लोखंडी सांगाड्याकडे जाणाऱ्या जाड केबलवर येतो. ती गेली की गाडी गेली.

दुखणं असं, की चावी फिरवली की नुसतं टक्. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मात्र फिरायचं नाव नाही. कधी दोन-चार झटक्यांत चालू, कधी धक्का. आरे-वारेच्या किनाऱ्यावर पर्यटकांनी धक्का मारून दिला आणि वर गाडीसोबत फोटो काढून घेतले. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने आधी नवी बॅटरी माझ्या गळ्यात मारली, मग ‘सेल्फच गेलाय, ह्या गाडीचा पार्ट आता कुठे मिळणार’ म्हणून हात वर केले. केबलकडे त्याने पाहिलंही नाही, कारण वरून रबर अगदी शाबूत होतं.

हे दुकान मुळात ट्रॉलरवाल्यांचं. दारातच बॅटऱ्या, खोललेले डायनॅमो आणि केबलची भेंडोळी. बसायला खुर्ची नाही. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणालो. बॉनेट उघडल्यावर त्यांनी पाना घेतला नाही, मीटर घेतला. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर.

“मारा सेल्फ.”

मारला. आकडा 0.3 व्होल्ट, म्हणजे ह्या वाटेत एवढेच गळतात. मग एक सुई मायनस खांबावर, दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर. पुन्हा सेल्फ. आकडा 2.8.

“बघा, इथे खातेय. बॅटरी देते आणि केबल मधल्यामधे गिळते. सेल्फ चांगला आहे तुमचा, उगाच खोलू नका.”

निरोगी अर्थ केबलमध्ये हा आकडा 0.2 च्या आसपास राहतो. मग दिवे कसे लागतात? हेडलाइटच्या एका बल्बला चार-पाच अँपिअर पुरतात, ते चार तारांवरही निभतं. सेल्फला फिरताना शंभराच्या वर लागतात, तिथे सोंग उघडं पडतं. चाचांनी अजून एक सांगितलं: अर्थ तुटला की करंट गप्प बसत नाही, क्लचच्या नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढतो आणि ती तापून जळते. धक्के मारत आणखी महिनाभर गाडी काढली असती, तर हाही खर्च माझ्याच डोक्यावर होता.

केबल काढून त्यांनी ब्लेडने रबर उभं चिरलं. आत लगपासून (केबलच्या टोकाची, बोल्टात बसणारी धातूची कडी) वीतभर तांबं उरलंच नव्हतं. हिरवा-काळा भुगा, चिमटीत धरला तर बोटाला लागून येणारा, आणि त्यातून गेलेल्या मोजक्या धडक्या तारा. अ‍ॅसिडची वाफ आणि खारी हवा लगच्या उघड्या तोंडातून शिरते आणि रबराच्या आतून पुढे सरकत जाते. बोटीवर हे रोजचंच, त्यामुळे चाचांना त्याचं काही नवल वाटलं नाही.

मी विचारलं, सडका भाग कापून नवी लग मारली तर? म्हणाले, “आखूड पडेल. ताणून बसवली तर इंजिन हललं की परत तुटणार. मग शिव्या मलाच घालाल.” पटलं.

नवी केबल बोटीवरचीच घातली: 35 चौरस मिलिमीटरची, कल्हई केलेल्या तांब्याची. त्यामुळे तार तांबूस न दिसता रुपेरी दिसते आणि खाऱ्या हवेत साध्या तांब्यापेक्षा कितीतरी टिकते. लग हायड्रॉलिक प्रेसने दाबली, हातोडीने ठोकली नाही. डागही (सोल्डर) मारला नाही, कारण डाग तारांत झिरपतो, तेवढी केबल ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच मोडते. वरून गोंदवाली स्लीव्ह गरम करून बसवली. सांगाड्यावरची अर्थची जागा कानशीने चकचकीत होईस्तोवर घासली, बोल्ट आवळला आणि मगच वरून ग्रीस. काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी, हेही कोणी न सांगता. परत मोजलं तर 0.1. अर्ध्या चावीत गाडी चालू.

केबल, लग, मजुरी धरून 2,400 घेतले. गॅरेजवाल्याची बॅटरी ह्याच्या दुप्पट पडली होती आणि तिची गरजच नव्हती.

आता कापलेल्या ताऱ्याचं. बिल मागितलं तर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आकडा लिहून दिला. फोन उचलत नाहीत. आणि जुलैच्या उत्तरार्धात गाडी घेऊन जाऊच नका. मासेमारीबंदी उठायच्या आधी सगळ्या बोटी एकदमच तयार व्हायच्या असतात, तेव्हा तुमची गाडी फेरारी का असेना, नंबर बोटीच्या मागेच. शुक्रवारी दुपारी दुकान बंद. सकाळी लवकर जा आणि गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा, आत वळवायला जागा नाही.