जुन्या सफारीचं अ‍ॅव्हरेज वाढवायला गेलो आणि 14,500 घालवून बसलो

लिहू का नको असं दोन महिने चाललं होतं कारण आपलंच हसं होतंय, पण परवा एका मित्राने फोन करून विचारलं की बाबा तो मायलेजवाला डबा कसा आहे, मी पण स्कॉर्पिओला बसवावा म्हणतोय, तेव्हा म्हणलं आता लिहूनच टाकू.

गाडी माझी टाटा सफारी, 2.2 डायकॉर, 2010 ची. वजन दोन टनाच्या आसपास. अ‍ॅव्हरेजच्या बाबतीत ती कधीच गुणी नव्हती, पण सुरुवातीला साडेअकरा बारा द्यायची ती हळूहळू साडेदहावर आली. मागच्या वर्षी पंधरा वर्षं झाली म्हणून आरसी रिन्यू केली, 5,000 फी, वर ग्रीन टॅक्स, फिटनेससाठी टायर पण टाकले. एवढा खर्च केल्यावर गाडी विकायची नाही हे नक्की झालं, मग डोक्यात एकच किडा, अ‍ॅव्हरेज. घरात रोज तोच विषय. मोबाईलला पण कळलं असावं कारण लगेच व्हिडिओ यायला लागले, "जुन्या डिझेल गाडीला 40 टक्के जादा मायलेज". त्यातलंच एक दुकान आमच्या साताऱ्यापासून जवळच, हायवेला लागून. नाव लिहीत नाही, तसंही बोर्ड आता बदललाय.

गेलो. मालक बोलायला एकदम गोड. "साहेब, मी तुम्हाला काही सांगणार नाही, गाडीच सांगेल. आधी टेस्ट करू, फरक दिसला तरच पैसे द्या." ह्या वाक्यावर माणूस विरघळतो. मी पण विरघळलो. पैसे आधी मागितले असते तर मी तिथूनच परत फिरलो असतो.

आता टेस्ट कशी केली ते नीट वाचा, सगळी गोम तिथंच आहे. जवळच्या पंपावर टाकी भरली, नोझल आपोआप बंद (कट) झाल्यावर लगेच थांबवलं. मग त्याचा फिटर गाडी चालवायला बसला, मी शेजारी. दुपारी एकची वेळ, एसी फुल, नागठाणे अतीत काशीळ करत उंब्रजपर्यंत 95-100 ने गेलो आणि परत. ट्रिप मीटरवर 66 किलोमीटर. परत त्याच पंपावर. ह्यावेळी नोझल कट झाल्यावर फिटर म्हणला "थांब थांब, फेस बसू दे", मागून गाडी दोन वेळा हलवली, परत थोडं, परत थोडं, अगदी तोंडापर्यंत डिझेल दिसेस्तोवर. मला वाटलं माणूस किती काटेकोर आहे! स्लिप आली 7.92 लिटर. भागाकार केला तर 8.3. मालकाने असा चेहरा केला की जसा काय डॉक्टरने एक्सरे बघितला. "साहेब गाडी डिझेल पितीय."

मग डबा बसवला. स्टिअरिंगच्या खाली ते स्कॅनर लावायचं सॉकेट असतं त्यात एक आगपेटीएवढा डबा, त्यावर हिरवा दिवा लुकलुकणारा, आणि बॉनेटमध्ये डिझेलच्या पाईपवर दोन लोहचुंबक, टायवरॅपने बांधलेले. चुंबकाने डिझेलचे कण सुटे होतात म्हणे आणि डबा ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, शिकवतो म्हणे. परत उंब्रज. पण आता सहा वाजून गेलेले, एसी बंद ("खिडक्या उघडा, हवा छान आहे"), वेग 60-65, फिटर ट्रकच्या मागे मागे निवांत. पंपावर आलो, नोझल कट झालं की लगेच "बास!" 4.41 लिटर. 15 चं अ‍ॅव्हरेज. सफारीला पंधरा! मी तिथंच यूपीआयने 14,500 दिले. मनात हिशेब पण झाला, महिन्याला 700 किलोमीटर रनिंग, साडेदहाचे पंधरा झाले तर 20 लिटर वाचतील, डिझेल नव्वदच्या आसपास, म्हणजे आठ महिन्यात पैसे वसूल.

बिल मागितलं तर एक कच्ची पावती दिली, त्यावर नुसतं "सर्व्हिस चार्ज". डब्याचं नाव नाही, चुंबकाचं नाही. 30 दिवसांत पैसे परत ही गॅरंटी तोंडी. आणि जाता जाता म्हणला, "साहेब डब्याला गाडी शिकायला 1,500 किलोमीटर लागतात, तोपर्यंत कमी जास्त दाखवेल, घाबरू नका." माझं रनिंग 700 आहे हे मीच त्याला अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतं. म्हणजे डबा शिकून पदवीधर व्हायच्या आत गॅरंटी संपणार. तेव्हा हे डोक्यातच आलं नाही.

पुढच्या तीन टाक्या मी नेहमीसारख्या मोजल्या, फुल टू फुल, दर वेळी चारशे साडेचारशे किलोमीटर. 10.4, 10.6, 10.5. फोन केला तर आधी म्हणला अजून शिकतोय. मग म्हणला तुमच्याकडचं डिझेल भेसळीचं असेल. मग म्हणला साहेब तुम्ही गिअर उशिरा टाकत असाल. शेवटी म्हणला ह्या गाडीला स्टेज टू लागेल, 22,000 मध्ये करून देतो, तुम्हाला म्हणून. तिथं माझी ट्यूब पेटली.

दिवाळीला बहिणीचा मुलगा आला होता, कराडला इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाला आहे. त्याने नखानेच डबा उघडला आणि हसायलाच लागला. "मामा, ह्यात काहीच नाही." त्या सॉकेटला 16 पिना असतात. डब्यात वायरी आलेल्या फक्त दोन पिनांना, 4 नंबर आणि 16 नंबर, म्हणजे अर्थिंग आणि बॅटरी. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं तर 6 आणि 14, नाहीतर जुन्या पद्धतीची 7 नंबर, ह्यातलं काहीतरी जोडलेलं पाहिजे. तिथं सगळं मोकळं. आत एक बारकी चिप, ती फक्त दिवा लुकलुकवायला. मुका आणि बहिरा डबा, तो कुणाला काय शिकवणार. चुंबकाचं तर विचारूच नका, डिझेलला चुंबकाने काही होत नाही. अमेरिकेत तिथल्या सरकारी खात्याने, ईपीए, इंधन वाचवणारी म्हणून विकलेली शंभराच्या वर उपकरणं तपासलीत, ठळक फरक पाडणारं एकही निघालं नाही. हे मी सगळं नंतर वाचलं, हौस आधी भागवून घेतली.

पण मग पंधरा आले कुठून? हे मला झोपू देत नव्हतं. डॅशबोर्डच्या खणात त्या दिवशीच्या दोन्ही स्लिपा सापडल्या. त्या एकत्र केल्या. 7.92 आणि 4.41, बेरीज 12.33 लिटर. अंतर 66 आणि 66, 132 किलोमीटर. भागाकार 10.7. माझ्या गाडीचं रोजचं अ‍ॅव्हरेज! म्हणजे पहिल्या फेरीला टाकी कटपर्यंत भरून सुरू केली आणि तोंडापर्यंत भरून मोजली, त्यामुळे जादा गेलेलं डिझेल खाल्लं असं दिसलं. तेच जादा डिझेल दुसऱ्या फेरीला फुकटात जळलं कारण शेवटी परत कटलाच थांबवलं. एक लिटरभर इकडचं तिकडे, बाकी एसी आणि वेग. 66 किलोमीटरमध्ये लिटरभराने एवढा फरक पडतो, साडेचारशेमध्ये पडला नसता. म्हणूनच टेस्ट छोटी ठेवली होती.

दुकानात गेलो तर "30 दिवस कधीच होऊन गेले साहेब". 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकली. त्यांनी दुकानाला विचारलं, उत्तर आलं सर्व्हिस दिलेली आहे, ग्राहकाने स्वतः टेस्ट बघितलेली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखाच्या आतल्या दाव्याला फी लागत नाही, पण पावतीवर वस्तूच नाही, वकील मित्र म्हणला चकरा मारायची तयारी असेल तर टाक. अजून ठरलं नाही.

गाडीचं काय झालं ते पण सांगतो. आमच्या जुन्या मेकॅनिककडे नेली. त्याने आधी एक चक्कर मारली, उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात धरला आणि मला म्हणला तुम्ही पण बघा. पुढचं डावं चाक तापलेलं, बाकी तीन कोमट. ब्रेकचा कॅलिपर जाम, चाक कायम धरून चाललेलं. एअर फिल्टर काढला तर मातीचा ढेकूळ. टायरमध्ये हवा 26, दारावरच्या स्टिकरवर लिहिलीय त्यापेक्षा बरीच कमी. वरचं कॅरिअर काढायला लावलं, गेल्या गणपतीपासून रिकामंच होतं, नुसतं वारा अडवत. सगळे मिळून 4,600. आता 11.8 देते, 80 च्या वर नेली नाही तर बारा. दोन टनाच्या गाडीकडून ह्याच्यापेक्षा जास्त मागणं म्हणजे म्हशीकडून शर्यत मागणं.

तुमच्यापैकी कुणी अशी टेस्ट करून पैसे दिले असतील तर दोन्ही फेऱ्यांच्या स्लिपा शोधा, लिटर एकत्र करा, किलोमीटर एकत्र करा आणि भागा. किती येतं ते मला पण सांगा.