दार-एस-सलामची नोकरी, साडेचार लाखांना

सीपीएल म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स हातात आहे, लॉगबुकात उड्डाणाचे दोनशेच्या वर तास आहेत, पण टाइप रेटिंगशिवाय, म्हणजे एखादं ठरावीक विमान उडवायच्या परवान्याशिवाय, इथल्या एअरलाइन्स दारात उभं करत नाहीत आणि ते करायला पुन्हा पंधरा लाखांच्या घरात खर्च. अशा पोरांना हेरून सध्या आफ्रिकेच्या नोकऱ्या विकल्या जातायत. मला नोकरी विकणारा एजंट मुंबईत, अंधेरीत बसतो.

त्याच्या थापेत निम्मं खरं होतं, गोम तिथेच आहे. टांझानिया, केनिया, बोत्स्वानात सफारीच्या पर्यटकांना नेणारी छोटी विमानं भरपूर आहेत, सेसना 206, कॅरॅव्हॅन वगैरे, आणि कमी तासांच्या पायलटांना तिथे काम मिळतंही. कॅरॅव्हॅन एकटा पायलट उडवू शकतो, पण काही टूर कंपन्या दोन पायलटांचा आग्रह धरतात, म्हणून को-पायलट लागतो. हे सगळं त्याने बिनचूक सांगितलं. मग टांझानियातल्या दार-एस-सलामच्या एका खऱ्याखुऱ्या कंपनीचं ऑफर लेटर आलं. लायसन्स कन्व्हर्जन, वर्क परमिट आणि 'लाइन ट्रेनिंग' (प्रत्यक्ष फेऱ्यांवरचं प्रशिक्षण) मिळून साडेचार लाख, तेही एका बाईच्या सेव्हिंग खात्यात. "टुरिस्ट व्हिसावर निघ रे, बाकीचं तिकडे होतं."

तिकडे घ्यायलाच कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीचं ऑफिस शोधून काढलं. चीफ पायलटने उभ्या उभ्या पत्र वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ज्या विमानावर माझं ट्रेनिंग होणार होतं, त्याचा नंबर '5वाय'ने सुरू होत होता. म्हणाला, "हे केनियाचं रजिस्ट्रेशन. टांझानियाची विमानं 5एच." लोगो कंपनीचाच होता, वेबसाइटवरून उचललेला. सही ज्याच्या नावाची, तो माणूस तिथे कधी कामालाच नव्हता.

माणूस भला. चहा मागवला आणि खरी पद्धत समजावली. टांझानियात वर्क परमिट लेबर कमिशनर देतो, रेसिडेन्स परमिट इमिग्रेशनवाले. अर्जामागे नोकरी देणारी कंपनी उभी असावी लागते. टुरिस्ट व्हिसावर काम करणं सरळ बेकायदा. पकडला गेलास तर तुलाच परत पाठवतील, एजंटला नाही. आपलं लायसन्स तिथे चालायला तिथल्या विमान प्राधिकरणाची मान्यता लागते आणि लायसन्स खरं आहे का, हे डीजीसीए या आपल्या विमान वाहतूक नियामकाकडून तपासलं जातं. यात अंधेरीच्या माणसाने करण्यासारखं काय उरतं?

परदेशी नोकरी लावून देणाऱ्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. ई-मायग्रेट या मंत्रालयाच्या साइटवर यादी आहे, नाव टाकलं की कळतं. नोंदणी असलेल्यालाही सेवाशुल्क 30 हजार अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. आमच्या महाशयांचं नाव यादीत नाही. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग घरच्यांना. उशीर झाला की खात्यात गोठवायला काही उरत नाही. माझी पोलिसांत तक्रार आहे, पैसे अजून नाहीत.

तोच माणूस आता नव्या नावाने बोत्स्वानातल्या माउनची जाहिरात करतोय. माउन म्हणजे ओकावांगो डेल्टाचं दार. तिथे जगभरची नवखी पोरं स्वतःच्या खर्चाने जाऊन राहतात आणि सीव्ही घेऊन एकेका ऑपरेटरचं ऑफिस गाठतात. हा मात्र पुण्या-मुंबईत बसल्या बसल्या 'सीट पक्की' करायचे 50 हजार आगाऊ मागतोय.