हॉस्टेलची मेस, बाहेरची खानावळ की डबा? पुण्यात शिकायला येणाऱ्यांसाठी

पुण्यात प्रवेश पक्का झाला की घरचे सगळे खोली शोधायला लागतात. जेवणाचं मात्र "गेल्यावर बघू" म्हणून राहून जातं. मग रूममेट जिथे जाते तिथेच आपणही पहिल्या आठवड्यात महिन्याचे पैसे भरून मोकळे होतो. मी सहा वर्षं पुण्यात शिकले. त्या काळात हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवले, पेठेतल्या खानावळीत जेवले, डबा लावला आणि शेवटी फ्लॅटवर स्वतः कुकर लावला. त्यामुळे आत्ता निवड करणाऱ्यांना एक गोष्ट आग्रहाने सांगते: दर विचारायच्या आधी महिन्यात आपण खरोखर किती वेळा जेवणार ते मोजा.

समजा, खानावळीत दोन वेळचे महिन्याला ३,६०० रुपये आहेत. ६० जेवणं धरली तर एक जेवण ६० रुपयांना पडतं आणि ते स्वस्तच वाटतं. पण बहुतेक खानावळी रविवारी रात्री बंद असतात, म्हणजे उरली ५६. महिन्यातून दोनदा गावी गेलात तर शनिवारच्या दोन वेळा आणि रविवारची दुपार मिळून आणखी ६ गेली. प्रॅक्टिकल लांबलं म्हणून ८ दुपारी हुकल्या, मैत्रिणींबरोबर ४ वेळा बाहेर खाल्लं. हातात राहिली ३८. आता तेच जेवण जवळपास ९५ रुपयांना पडलं. त्याच खानावळीत एका जेवणाचं ८० रुपयांचं कूपन मिळत असेल, तर ३८ जेवणांचे ३,०४० होतात. या दरांत ४५ ही सीमा. त्याहून जास्त वेळा जेवणार असाल तर महिना भरा, कमी असेल तर कूपन घ्या. तुमच्याकडचे दर वेगळे असतील, पण मांडणी हीच. महिन्याचा आकडा कूपनाच्या किमतीने भागायचा.

या हिशेबाला कलाटणी देणारी गोष्ट म्हणजे खाडा. न जेवलेल्या दिवसाचे पैसे वजा होतात का, होत असतील तर किती दिवस सलग गैरहजर राहिल्यावर, आणि आधी कधी सांगायचं, हे तीन प्रश्न दरापेक्षा महत्त्वाचे आहेत. माझ्या पहिल्या खानावळीत "खाडे धरतो" असं सांगितलं होतं. दिवाळीला बारा दिवस घरी जाऊन आले, तर मालक म्हणाले, आदल्या दिवशी सकाळीच वहीत लिहायला हवं होतं, तुम्ही संध्याकाळी सांगितलंत. बारा दिवसांचे पैसे गेलेच, पण मेस सोडताना डिपॉझिटसाठीही चार खेपा घालाव्या लागल्या. तेव्हापासून मी मेसच्या कार्डाच्या मागे खाड्याचा नियम त्यांच्याच हाताने लिहून घ्यायचे. कुणी नाही म्हटलं नाही.

हॉस्टेलच्या मेसमध्ये हा प्रश्न आणखी मोठा होतो, कारण तिथे बहुधा सत्राचे किंवा वर्षाचे पैसे एकदम घेतात आणि कितीतरी ठिकाणी खोलीबरोबर मेस सक्तीची असते. दिवाळीची सुट्टी आणि परीक्षेनंतरचे दिवस त्यात धरलेत का, ते रेक्टरना आधीच विचारा. चवीबद्दल फार आशा ठेवू नका. एका वेळी दोन-तीनशे जणींचा स्वयंपाक होतो, तेव्हा भाजीत पाणी जास्त आणि बटाटा कायमचा. तरीही पहिल्या वर्षाला असणाऱ्यांना, विशेषतः मुलींना, मी हीच मेस सुचवेन. गेट नऊला बंद होतं आणि बाहेरची खानावळ साडेसातला उघडते, त्या दीड तासात जाऊन, रांगेत थांबून, जेवून परतायचं हे पावसाळ्यात नकोसं होतं. शिवाय इथे मेस कमिटी असते. तिच्यात नाव द्या. ठेकेदाराला आठवड्याचा भाजीचा तक्ता आपणच बदलायला लावू शकतो, हे अनेकींना ठाऊकच नसतं.

"अनलिमिटेड" या शब्दाखाली काय काय येतं तेही बघा. पोळ्या, भात, आमटी हवी तितकी, पण सुकी भाजी, दही आणि रविवारची फीस्ट एकदाच, असा प्रकार सर्रास असतो. भूक मोठी असलेल्याला परवडतं, तीन पोळ्यांत आटोपणारीला नाही. आणि ताट वाटून घेता येत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या रिफेक्टरीत, म्हणजे भोजनगृहात, २०१९ साली एका ताटात दोघांनी जेवण्याच्या मनाईवरून विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं होतं. ज्याच्या खिशात एकाच कूपनाचे पैसे असतात, त्याच्यासाठी तो नियम साधा नसतो.

डबा मात्र माझा आवडता होता, अर्धाच. रात्रीचा डबा आठला दारात यायचा, पोळ्या अजून ऊबदार असायच्या, आणि पुस्तक मिटून पाच मिनिटांत जेवता यायचं. दुपारच्या डब्याची गोष्ट वेगळी. साडेबाराला आलेला डबा प्रॅक्टिकल संपवून तीनला उघडला की झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब, वरची पोळी ओली, खालची वातड, आणि आमटी सांडून भाताच्या कप्प्यात. उन्हाळ्यात तर आंबूस वास यायचा. म्हणून दुपारी कॉलेजजवळ कूपन आणि रात्री डबा ही जोडी मला सगळ्यात सोयीची वाटते.

स्वतः रांधणं एकट्याला स्वस्त पडत नाही, तिघींना पडतं. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणायच्या आणि घरी फक्त वरणभाताचा कुकर व एक भाजी करायची, असं ठरवलं तर अर्ध्या-पाऊण तासात होतं. भांडी कुणी घासायची हे पहिल्याच दिवशी ठरवा. आमची पहिली भांडणं त्यावरूनच झाली. हॉस्टेलवर लपवून इंडक्शन वापरण्याच्या फंदात पडू नका, खोली जाते.

स्वाधार योजनेवर, म्हणजे सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य सरकार देतं त्या मदतीवर, शिकणाऱ्यांना वेगळा विचार करावा लागतो. पुण्यासारख्या शहरासाठी या योजनेत भोजनभत्ता वर्षाला ३२,००० रुपये ठरला होता, म्हणजे दहा महिन्यांत विभागला तर महिन्याला ३,२००. तो बँक खात्यात जमा होतो, पण मेसवाल्याच्या एक तारखेशी त्याचा मेळ नसतो. अशा वेळी वर्षाचे पैसे एकदम मागणारी मेस टाळा आणि थोडी महाग वाटली तरी आठवड्याला किंवा कूपनाने पैसे घेणारी बघा.

पोषणाचंही एक वाक्य. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, ५० किलोच्या मुलीला साधारण ४२ ग्रॅम. पातळ आमटीवर ती भरून निघत नाहीत. उसळ आठवड्यातून किती वेळा असते ते विचारा, आणि खोलीवर शेंगदाणे, फुटाणे ठेवा. जमत असेल तर उकडलेली अंडी.

एक गोष्ट मात्र हिशेबात बसत नाही. दुसऱ्या वर्षी मला ताप आला आणि दोन दिवस मी जेवायला गेले नाही. तिसऱ्या दिवशी खानावळीच्या काकूंनी माझ्या मैत्रिणीबरोबर मऊ भात, तूप आणि मेतकूट पाठवलं. ती खानावळ महिन्याला दोनशे रुपयांनी महाग होती. तरी पुढे बराच काळ मी तिथून हलले नाही.

पैसे भरण्याआधी एकदा कूपन काढून जेवून बघा, पण रविवारी दुपारी नको, तेव्हा सगळीकडे गोडधोड असतं. बुधवारी किंवा गुरुवारी रात्री, बंद व्हायच्या पंधरा मिनिटं आधी जा. तेव्हा ताटात जे पडेल तेच तुमचं रोजचं जेवण. जाता जाता भिंतीवर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक लावलाय का बघा, पिण्याच्या पाण्याच्या पिंपात डोकवा, आणि हात धुण्याच्या बेसिनपाशी साबण आहे का तेही.