एकच गोष्ट, अव्वाची तेलुगूत आणि धाकट्याची मराठीत

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. सासूबाई, म्हणजे मुलांची अव्वा (तेलुगूत आजी), तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, धाकटा मराठी शाळेत पहिलीला. पुस्तक काढ म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं. अक्षरं येत होती, पण वाचायचं ते बाईंना दाखवायला, असंच डोक्यात बसलं होतं.

मग मी मोबाईलवर 'स्टोरीवीव्हर' उघडलं. 'प्रथम बुक्स' या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे गोष्टींचं संकेतस्थळ. वाचायला पैसे पडत नाहीत. गोष्टी चार पातळ्यांत लावल्यात. पहिल्या पातळीत शब्द थोडे, सोपे, परत परत येणारे. पण आमच्या घराला उपयोगी पडलं ते वेगळंच. बऱ्याच गोष्टी मराठीत आहेत आणि त्याच चित्रांसकट तेलुगूतही आहेत!

मोबाईल हातात दिला की पोरगं भलतीकडेच जातं, म्हणून प्रिंट काढले. परवाना खुला आहे, छापायला हरकत नाही. रंगीतच काढा, काळ्या-पांढऱ्यात चित्रांचा जीव जातो. मी शाळेचे गणवेश शिवते. पानं एकावर एक ठेवून कडेला मशीनची लांब टाक्याची शिलाई मारली, वर उरलेल्या निळ्या कापडाचं कव्हर. दोन पुस्तकं झाली, एक अव्वाचं, एक त्याचं.

दुपारी अव्वाने विड्या वळायचं सूप बाजूला सारलं आणि वाचायला घेतलं. "एनुगु," ती म्हणाली. त्याने चित्र बघितलं, मग आपल्या पानावर बोट फिरवत फिरवत थांबला. "ह... हत्ती! अव्वा, तुझा एनुगु माझ्याकडे हत्ती आहे!" मग त्याने पुस्तक तिच्यापुढे सरकवलं, तिचं बोट धरून 'ह'वर ठेवलं आणि म्हणाला, आता तू वाच. अव्वा अडली तेव्हा त्याने घाई केली नाही. जोडाक्षर त्यानेच फोडून सांगितलं. मी मशीन थांबवून बघत राहिले.

एक सांगते, स्टोरीवीव्हरवर भाषांतर कुणीही करू शकतं. म्हणून छापायच्या आधी गोष्ट स्वतः मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तर दुसरी निवडा. ज्यांच्या घरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात त्यांनी तर हे बघाच. आजीला मराठी वाचता येत नाही म्हणून तिला गोष्टीबाहेर बसवायची गरज नाही.

आतापर्यंत सहा जोड्या शिवून झाल्या. काल अव्वाला दुपारी डोळा लागला, तर हा दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन तिच्या उशाशी बसलेला, ती कधी उठते म्हणून.